ज्वारीत पुरलेला रिमोट

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. दूधवाल्याच्या मापाला तळाशी पोचा आहे का ते मी बघते, कंडक्टरनं दिलेलं तिकीट दोनदा वाचते, आणि पाहुणा 'जेवून आलोय' म्हणाला तर कुठं जेवला ते विचारून घेते. आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की देवासमोर फोडायचा नारळसुद्धा मी आधी कानाशी धरून हलवते. हलवतेच. नासका निघाला तर देवाला काय तोंड दाखवायचं?

त्यामुळं पोळ्याच्या आठवड्यात जेवता जेवता हे म्हणाले, "जुनी डिश काढून टाकू. एचडी घेऊ नवी," तेव्हा माझा हात भाकरीवरच थांबला. न्हाणीच्या दाराची कडी निखळून दोन वर्षं झाली होती. एका हातानं दार धरून अंघोळ करायची आम्हाला सवय लागली होती, पण ती कडी ह्यांच्याच्यानं बसली नव्हती. असा माणूस आपण होऊन नवी डिश आणतो म्हणतो, म्हणजे आत काहीतरी शिजतंय, हे मी लगेच ओळखलं. भाकरी वाढली आणि वाट बघायची ठरवली.

तशी जुन्या डिशची रड होतीच. गच्चीच्या कठड्याला ती आठ-नऊ वर्षं धरून होती आणि आमच्या चकलांब्याचं वारं तिला सरळ राहू देत नव्हतं. ऐन मालिकेच्या वेळी चित्राचे चौकोन पडायचे, माणसं अर्धीमुर्धी दिसायची, मग पडदा निळा व्हायचा. की लगेच आमची पळापळ. लेक गच्चीवर धावायची आणि डिश हातानं फिरवायची, मी अंगणात उभी, हे आत टीव्हीसमोर. हे आतून ओरडायचे, "आलं!" मी वर तोंड करून, "आलं, आलं, थांब!" तोवर आतून, "गेलं!" शाळेजवळच्या लिंबाच्या शेंड्याकडं बोटभर सरकवली की चित्र यायचं, हे माप फक्त लेकीच्या हातात बसलेलं होतं. ती गेवराईला कॉलेजात होती, शेवटच्या वर्षाला. तिची एसटी चुकली की आमची मालिका बुडालीच.

दोन दिवसांनी खरं कारण बाहेर पडलं. लेकीला स्थळ आलं होतं, शिरूर कासारच्या बाजूचं. मुलाचे वडील ऊसतोडीचे मुकादम, दारात दोन ट्रॅक्टर, मुलगा वडलांच्या हाताखाली मजुरांच्या टोळ्या सांभाळणारा. ह्यांचा एक मावसभाऊ शिरूरला असतो, तो मधला माणूस. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडं हलतात आणि मुकादमाला मग सहा महिने मान वर करायला सवड नसते, म्हणून मुलगी बघण्याचा कार्यक्रम नवरात्रातच उरकायचा होता. पाहुणे समोरच्या खोलीत बसणार, टीव्हीकडं बघणार, आणि नेमके तेव्हाच चौकोन पडले तर घराची काय शोभा राहील, असा ह्यांचा विचार.

मला स्थळ वाईट वाटलं नाही. फक्त एक गोष्ट आडवी येत होती. लेक वर्षभर पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे पाचला उठून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यानं पळायची. शेतातला एक गोल धोंडा तिनं गोळाफेकीसाठी शोधून ठेवला होता. फॉर्म भरला होता आणि मैदानी चाचणीची तारीख कधी येते इकडं तिचं सगळं लक्ष होतं. आम्ही तिला कधी अडवलं नाही, पण हो असंही कुणी म्हटलं नव्हतं. लग्न ठरेपर्यंत पळतेय तर पळू दे, एवढंच चाललं होतं.

आणि आमच्याकडं एक रीत आहे. सुपारी फुटेपर्यंत स्थळाची गोष्ट भावकीच्या कानावर जाऊ द्यायची नाही. भावकीला कळलं की कुणीतरी फोन करतं, मुलीची उंची सांगतं, बापाचा राग सांगतं, आणि जमत आलेली सोयरीक मोडते. त्यातून भिंतीला भिंत लावून माझी धाकटी जाऊ राहते आणि तिचं माहेर शिरूरच्याच बाजूचं. बांधावरच्या बाभळीपायी दोन घरांचं बोलणं चार वर्षांपासून बंद आहे. लेक तेवढी तिकडं जाते-येते, पोरीला आम्ही त्यात ओढलं नाही. पण ती लहान होती तेव्हापासून मी तिला बजावत आले, "काकूला काय बी सांगू नको. इथं सांगितलं की सांजच्याला शिरूरला पोचतंय."

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी डिशवाला आला. तिशीतला, मिशीवाला, पाठीला पिशवी. मी आधी ओळखपत्र मागितलं. त्यावरच्या फोटोत मिशी नव्हती. मी म्हटलं, "हे तुमीच का?" तो म्हणाला, "मावशी, लग्नाआधीचा फोटो हाय." मला ते पटलं नाही, पण ह्यांनी डोळे वटारले म्हणून मी बाजूला झाले. मग मोबाइलवर नंबर आला आणि तो म्हणाला, सांगा. मी सांगेना. परगावच्या माणसाला मोबाइलवरचा नंबर सांगून लोकांची खाती रिकामी झालेली मी ऐकलेली होती. शेवटी लेकीनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, नंबर वाचून दाखवला, आणि म्हणाली, "आई, त्याच्याबिगर ते चालूच होत न्हाई." जुनी डिश तो घेऊन जातो म्हणाला. ती मात्र मी दिली नाही. घासून पुसून तिच्यात वासराला पेंड घालायला लागले.

चहा पिताना त्यानं सहज सांगितलं, "आमची सासुरवाडी शिरूरची." तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं.

चित्र मात्र असं आलं की मी खुर्ची मागं ओढली. नटीच्या गालावरची पावडर दिसत होती, बातम्या सांगणाऱ्याच्या कोटाचं बटण दिसत होतं. एका मालिकेतल्या सासूच्या हनुवटीवर तीळ निघाला. सात वर्षं मी ती बाई बघत होते आणि हा तीळ मला माहीतच नव्हता. म्हणजे आजवर आपल्याला मुद्दाम अंधूक दाखवत होते का, असा मला पहिला संशय आला. दुसरा असा, की पहिले आठ दिवस चांगलं दाखवतील आणि मग हळूच खाली आणतील. म्हणून रोज मालिका लागली की मी आधी तो तीळ बघायचे. तीळ जागेवर असला की मग पुढचं.

पण खरी गोम रिमोटमध्ये होती. त्याच्यावर एक जास्तीचं बटण होतं. डिशवाल्यानं ते दाबून रिमोट तोंडाशी धरला आणि म्हणाला, "बातम्या." बातम्या लागल्या. मग माझ्यापुढं धरून म्हणाला, "बोला मावशी. जे बोलाल ते ऐकतंय." मी तोंड घट्ट मिटून घेतलं. लेक पुढं झाली आणि म्हणाली, "धावण्याची शर्यत." कुठल्या कुठल्या देशाच्या पोरी पळताना लागल्या. ती जमिनीवर बसली आणि त्यांच्या पायांकडं बघत राहिली. "पाय कसा टाकतेत ते आत्ता दिसलं," असं काहीतरी म्हणाली. मी ते कानाआड केलं. माझं लक्ष त्या बटणाकडं होतं. ऐकतंय म्हणजे कुठंतरी जातंय.

मग पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात सोयरिकीची बोलणी करत नाहीत, पण घरातल्या घरात बोलायला कुणाची मनाई? दिवेलागणीला टीव्हीचा आवाज बारीक करून आम्ही दोघं समोरच्या खोलीत बसायचो आणि काय सांगायचं, काय नाही, ते ठरवायचो. एका संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "भरतीचं सांगायचं न्हाई. पोरगी पँट घालून रस्त्यानं पळती म्हटल्यावर मुकादम दारातूनच माघारी फिरंल. लग्न झाल्यावर आपसूक सुटतंय ते." ह्यांनी मान हलवली. बोलणं तिथंच संपलं.

तिसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला. "आण्णा, मुलगी पोलीस भरतीसाठी पळती म्हणं? अन् तुमी ते सांगणारच नव्हता म्हणं?"

पळते हे गावानं बघितलेलं होतं, ते एखाद्यानं सांगितलं असेल. पण सांगणार नव्हतो, हे? ते तर त्या खोलीत, त्या संध्याकाळी बोललेलं. ह्यांनी कसंबसं सावरून घेतलं आणि फोन ठेवला.

मी मोजायला बसले. खोलीत कोण होतं? हे होते. मी होते. ह्यांनी सांगायचं काही कारण नव्हतं, आणि मी तर मेले तरी सांगणार नाही. जावेच्या भिंतीला कान लावून ऐकता येतं का? येत नाही. दीड हात जाडीची दगडी भिंत आहे, मी स्वतः कान लावून बघितलेला आहे. मग उरलं कोण? स्टुलावर चहाचे दोन रिकामे पेले होते आणि त्यांच्या शेजारी तो रिमोट, माझ्याकडं तोंड करून. तेव्हाच मला डिशवाल्याची सासुरवाडी आठवली.

मी त्याला फोन लावला. म्हटलं, "तुमचं ते मशीन आमच्या घरातलं बोलणं बाहेर सांगतंय." तो हसला. "मावशी, बटण दाबल्याबिगर ते ऐकत न्हाई."

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"कंपनीनं."

"मंग कंपनीला आमच्या घरातलं समदं म्हाईत हाय," मी म्हटलं आणि फोन कापला. ह्यांनी कपाळावर हात मारला. "तुझं डोकं फिरलंय," म्हणाले. "मुकादमाच्या घरची बातमी ठेवायला कंपनी काय रिकामी बसली हाय?" मी म्हटलं, लोक काय काय विकतात ते तुम्हाला माहीत नाही.

त्या दिवसापासून मी रिमोट फडक्यात गुंडाळून ठेवायला लागले. पण फडकं म्हणजे काय भिंत नव्हे. शेवटी मी एक डाव टाकायचा ठरवला. हे शेतात गेले होते, लेक गेवराईला. घरात मी एकटी. फडकं सोडलं, रिमोट समोर ठेवला आणि मोठ्यानं बोलले, "पोरीच्या पत्रिकेत मंगळ हाय, तेवढं शिरूरकरांना कळायला नको." साफ खोटं. बोलताना माझं मलाच हसू येत होतं, पण चेहरा गंभीर ठेवला. दाराशी आलेली शेळी माझ्याकडं बघत उभी राहिली.

चार दिवस गेले. फोन नाही, निरोप नाही, मंगळाचं नाव नाही. दुसऱ्या कुणी मान्य केलं असतं की रिमोट निर्दोष आहे. मी म्हटलं, हुशार आहे. डाव ओळखला.

मग दुसरा डाव. या खेपेला रिमोट मी ज्वारीच्या कोठीत पुरला, चांगला कोपरभर खोल, आणि वर झाकण लावलं. संध्याकाळी हे आले. बातम्या लावायला रिमोट शोधायला लागले तेव्हा मी म्हटलं, बसा गपचूप. चहा आला. चहा पिता पिता मी ठरवलेलं वाक्य बोलले, "पाहुण्यांना दुपारी नको, सकाळी नऊलाच बोलवू. भावकीला पत्ता लागायच्या आत कार्यक्रम उरकून जातील." तसं काही करायचं माझ्या मनात नव्हतं. हे म्हणाले, "नऊ लई लवकर होतंय, पण बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावसभावाचा फोन. आवाज जरा चढलेला. "आण्णा, मुकादम विचारायलेत, सकाळी नऊला कावून? भावकीपासून लपवून कार्यक्रम करण्यासारखं काय हाय तुमच्यात? पोरीचं काय लपवायलात?"

मी उठले आणि कोठीचं झाकण काढलं. हात घातला. रिमोट होता तिथंच होता, ज्वारीनं भरलेला. त्यानं काही ऐकलेलं नव्हतं. मी तो हातात धरूनच परत पहिल्यापासून मोजायला लागले. खोलीत हे होते, मी होते. बोललो कधी? चहा पिताना. चहा कुठून आला?

चहा आपोआप येत नाही. दोन्ही वेळा पेले लेकीनं आणून स्टुलावर ठेवले होते. स्वयंपाकघराचं दार समोरच्या खोलीला लागून आहे आणि त्याला पडदा आहे, दार नाही. पडद्यापलीकडं तीन पावलांवर ती भाकरी थापत होती. मी दोनदा मोजलं होतं आणि दोन्हीदा ती माझ्या मोजण्यात आली नव्हती. नव्या रिमोटला मी हिशेबात धरलं होतं. तिला नाही.

ती पाचच्या एसटीनं आली. पिशवी ठेवली, आणि अंगणात बसून पळायच्या बुटांच्या तळाचा चिखल काडीनं काढायला लागली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, चांगलं फैलावर घ्यायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "काकूला तू सांगितलंस?"

"हां," ती म्हणाली. काडी चालूच होती.

"कावून?"

"इथं सांगितलं की सांजच्याला शिरूरला पोचतंय, असं तूच म्हणत आलीस ना?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, हात उचलावा इतका आला. मी म्हटलं, "तोंड हाय ना तुला? मला सांगायला काय झालतं?"

तेव्हा तिनं बूट खाली ठेवला. "काय सांगू? तुमी दोघं रोज माझंच बोलत होता. मी चहा ठेवत होते, ताटं मांडत होते. लग्न झाल्यावर आपसूक सुटतंय म्हणालीस, तवा बी मी तिथंच होते. रिमोट ऐकतोय म्हणून तू त्याला ज्वारीत पुरलंस. मी बी ऐकत होते की, आई."

मला लाज वाटली. लाज अशी, की तिच्याकडं बघवेना, म्हणून मी तिच्या बुटांकडं बघत राहिले. डाव्या बुटाचा अंगठ्याजवळचा शिवणीचा दोरा सुटला होता. माझं लग्न ठरलं तेव्हा मीसुद्धा चहाच करत होते, माहेरच्या पडवीत, आणि चुलत्यांनी 'तारीख धरा' म्हटलेलं मी चुलीपाशी बसून ऐकलं होतं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं का, हे आता आठवत नाही. वाटलं असणार. नव्या डिशला वारं लागत नव्हतं, तिला गच्चीवर पाठवायची वेळ येत नव्हती, आणि पोळ्यापासून मी तिला चहाशिवाय दुसऱ्या कशासाठी हाक मारली होती ते आठवायला गेले तर आठवेना.

ती म्हणाली, "मैदानी बावीस दिवसांवर आलीय. परवा मेसेज आला. तेवढं होऊ दे."

मी तशीच निघाले आणि चार वर्षांनी जावेच्या दारात गेले. ती शेंगा निवडत होती. मला बघून उभी राहिली, भांडायला आले असं तिला वाटलं असणार. मी विचारलं, "फोन तुमी केलता?"

"केलता," ती म्हणाली. "पोरगी रडत आलती, बाई. तुमी मला समद्या गावात सोयरिकी मोडणारी म्हणताच. म्हटलं, एकदा खरं करून टाकू."

मी खाली बसले आणि तिच्या सुपातल्या शेंगा निवडायला लागले. बाभळीचं आम्ही दोघींनी काही काढलं नाही.

घरी आले तेव्हा हे येरझाऱ्या घालत होते. मावसभावाचा परत फोन आला होता. मुकादमाचा निरोप होता, मुलगी भरतीचं खूळ सोडणार असेल तर येऊ, नाहीतर राहू द्या. ह्यांच्या कपाळावरची शीर उठली होती. "कुणी सांगितलं हे, ते मला कळलं पायजे," हे म्हणाले. "घरातली गोष्ट बाहेर गेलीच कशी?"

पडद्यामागं भांड्यांचा आवाज थांबला.

"रिमोटनं सांगितलं," मी म्हटलं.

हे येरझाऱ्या घालायचे थांबले. "रिमोट ज्वारीत होता. तूच पुरलावता."

"ज्वारीतनं बी ऐकतंय ते. मी तुमाला पहिल्या दिवसापास्नं सांगत होते. त्या डिशवाल्याची सासुरवाडीच शिरूरची हाय."

आयुष्यभर मी दुसऱ्यांचं खोटं पकडत आले. स्वतः इतक्या ठामपणे खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं. पडदा हलत नव्हता. मग हे खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "असंल. आजकालच्या वस्तूंचा काय भरवसा न्हाई. साधा रिमोट मागवू."

ह्यांना सगळं कळलं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. माझा संशय आहे, की कळलं होतं. मी म्हटलं, "शिरूरला सांगा, पोरीची मैदानी हाय. तोवर आमाला सवड न्हाई." हे मोबाइल घेऊन अंगणात गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आत आले तेव्हा म्हणाले, "झालं सांगून," आणि जेवायला वाढ म्हणाले. सकाळी मी उठले तर हे न्हाणीच्या दारापाशी पान्हा घेऊन बसलेले.

डिशवाला साधा रिमोट घेऊन आला. "चांगला हाय तो, बदलता कशाला मावशी?" असं तीनदा म्हणाला. मी त्याला सांगितलं, आमच्या घरात एवढं ऐकणारं काही नको. तो जुना रिमोट पिशवीत टाकताना त्यातून ज्वारीचे दाणे गळाले आणि त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. बघू दे.

मैदानी झाली. बीडला मी तिच्याबरोबर गेले, मैदानाच्या जाळीबाहेर उभी राहिले. घड्याळ लावणारा माणूस नीट लावतोय का याच्यावर माझी नजर होती, पण एवढ्या लांबून काही कळत नव्हतं. तिसऱ्या क्रमांकानं ती आली हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. यादी अजून लागलेली नाही. ती लागेपर्यंत कुणी काय सांगितलं तरी मी धरून चालणार नाही.

मागच्या आठवड्यात मावसभाऊ स्वतः आला, दुसरं स्थळ घेऊन. समोरच्या खोलीत बसला, टीव्हीकडं बघून म्हणाला, "चित्र लई साफ हाय," आणि मग आवाज खाली आणून, "मुलगा एसटीत लागलाय, घर चांगलं हाय," असं सुरू केलं. ह्यांनी साध्या रिमोटनं आवाज बंद केला आणि माझ्याकडं बघितलं.

मी आत हाक मारली, "गॅस बंद कर अन् इकडं ये."

ती ओढणीला हात पुसत आली, पडद्यापाशी थांबली. मी तिला मावसभावासमोरच्या खुर्चीवर बसवलं. तो गोंधळला, पुढं बोलावं की नाही ते त्याला कळेना. "चहा ठेवते," म्हणून ती उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं, आणि चहा ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले. पाणी आधणाला ठेवलं, साखर टाकली. पडद्याच्या आतून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.